वायफायचा पासवर्ड साऱ्या मोहल्ल्याला माहीत, मग जबाबदार कोण?

अकोल्याच्या ताजनापेठेत जा नाहीतर अमरावतीच्या चांदनी चौकात, घरी पाहुणा आला की पाणी पिऊन झाल्यावर दुसरा प्रश्न ठरलेला असतो, "वायफायचा पासवर्ड काय हाये?" आपण सांगून टाकतो. नाही म्हणणे बरे दिसत नाही. मग पाहुण्याचा मुलगा तो गल्लीतल्या मित्राला देतो, मित्र भावाला देतो. आता तर सांगायचीही गरज उरलेली नाही. फोनमध्ये चौकोनी कोड उघडला आणि दुसऱ्याने कॅमेरा धरला की काम झाले. सहा महिन्यांनी आपल्या जोडणीवर कोण कोण बसले आहे, हे आपल्यालाच ठाऊक नसते.

घरापुरते हे एक वेळ चालून जाईल. नेट मंद चालले म्हणून कुरकुर होईल, एवढेच. पण आपल्याकडे आता मोहल्ल्या-मोहल्ल्यात अभ्यासिका उभ्या राहिल्या आहेत. नीटची, पोलीस भरतीची, एमपीएससीची तयारी करणारी मुले-मुली तिथे रात्री उशिरापर्यंत बसतात. वसतिगृहे आहेत, मदरसे आहेत, शाळांची कार्यालये आहेत, कोचिंग क्लास आहेत. जोडणी कुणा एका विश्वस्ताच्या नाहीतर मुख्याध्यापकांच्या नावावर असते. केबलवाला येऊन डबा भिंतीला ठोकून जातो आणि संस्थेचाच मोबाइल नंबर पासवर्ड म्हणून ठेवतो. तो नंबर बाहेर फलकावर रंगवलेला असतोच!

म्हणून हा लेख अशी जोडणी चालवणाऱ्यांसाठी आहे. कोणता फोन, कोणता लॅपटॉप आत यावा आणि कोणता येऊ नये, हे ठरवायचे कसे, आणि त्यासाठी प्रचलित असलेला सोपा उपाय खरोखर उपयोगी आहे का, ते आम्ही इथे सांगणार आहोत.

आधी हे समजून घेऊ, की पासवर्ड वाटण्यात नेमका धोका काय. आपल्या वायफायवर तीस फोन असले तरी बाहेरच्या जगाला ते तीस दिसत नाहीत. बाहेर दिसतो तो एकच आयपी पत्ता, राउटरला मिळालेला. कुणी धमकीचा मेल पाठवला, बनावट खाते काढून कुणाची बदनामी केली, दोन समाजांत आग लावणारी पोस्ट टाकली, की तपास करणारे त्या संकेतस्थळाकडून आयपी पत्ता आणि वेळ घेतात. मग ते इंटरनेट कंपनीला विचारतात, की या वेळी हा पत्ता कुणाकडे होता? कंपनी नाव सांगते. ते नाव पोस्ट टाकणाऱ्याचे नसते, बिल भरणाऱ्याचे असते.

हे आपल्या राज्यात घडून गेले आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत स्फोट झाले. त्याआधी काही मिनिटे वृत्तवाहिन्यांना एक मेल गेला होता. त्याचा माग काढत पोलीस नवी मुंबईतल्या एका फ्लॅटपर्यंत पोहोचले. तिथे नोकरीनिमित्त राहणाऱ्या एका अमेरिकी माणसाच्या जोडणीवरून तो मेल गेला होता. त्याचे संगणक ताब्यात घेतले गेले, चौकशी झाली. शेवटी निष्पन्न हे झाले, की त्याचे वायफाय कुलूप न लावलेले होते आणि भलत्यानेच ते वापरले. पुढच्याच महिन्यात माटुंग्याच्या एका महाविद्यालयाच्या वायफायवरून आणि सप्टेंबरात चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून तसेच मेल गेले. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना सूचना काढल्या, की वायफाय वापरणाऱ्याची ओळख पटवल्याशिवाय जोडणी खुली राहू नये.

तो माणूस परदेशी होता, मोठ्या नोकरीत होता. तरीही त्याची सुटका सोपी गेली नाही. आपल्या मोहल्ल्यातल्या मुलावर किंवा एखाद्या विश्वस्तावर असा संशय आला तर काय होईल, हे वाचकांना आम्ही वेगळे सांगायला नको. निर्दोष ठरेपर्यंत जी वर्षे जातात ती कुणी परत देत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत आणि मे २०२३ मध्ये अकोल्यात काय झाले, तेही आपण पाहिले. दोन्ही वेळा संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झाले. अकोल्यात तर ठिणगी समाजमाध्यमावरच्या पोस्टची होती. अशा दिवसांत 'ती पोस्ट आमच्या अभ्यासिकेतून गेली नाही' हे सांगता येणे आणि दाखवताही येणे फार मोलाचे आहे.

मॅकची यादी पुरते का?

"पासवर्ड आहे ना, मग वायफाय खुले कुठे आहे?" असे कुणी म्हणेल. बरोबर आहे. पण सगळ्यांचा पासवर्ड एकच असला, तर तो माहीत असणारा माणूस आपलाच आहे का, हे राउटरला कळत नाही. वसतिगृह सोडून गेलेल्या मुलाचा फोन रस्त्यावरून जाता जाताही जोडला जातो. त्याला थांबवायचे तर पासवर्ड बदलावा लागतो, आणि मग उरलेल्या साऱ्या मुलांना नवा द्यावा लागतो. संध्याकाळपर्यंत तोही फुटतो. शिवाय जुन्या डब्ल्यूपीए२ पद्धतीत ज्याला सामाईक पासवर्ड माहीत आहे, तो थोडी खटपट करून त्याच वायफायवरच्या दुसऱ्याची वाहतूक उघडू शकतो. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए३ ने हा दोष काढला, पण सामाईक पासवर्डचा मूळ प्रश्न तिथेही तसाच आहे.

यावर इथले बहुतेक जाणकार एकच सल्ला देतात, 'मॅक फिल्टर लावा.' प्रत्येक उपकरणाच्या वायफाय चिपला बारा आकडे-अक्षरांचा एक पत्ता असतो, तो मॅक. पहिली सहा अक्षरे बनवणाऱ्या कंपनीची, पुढची सहा त्या नगाची. राउटरच्या पानावर, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ वर, वायरलेसच्या भागात ही यादी भरायची जागा असते. यादीतल्यांनाच आत घ्या, बाकी बाहेर. करायला सोपे आहे. फक्त आपल्या स्वतःच्या फोनचा किंवा लॅपटॉपचा मॅक आधी भरा आणि मगच यादी चालू करा. उलटे केले तर पहिल्याच क्षणी आपणच बाहेर फेकले जातो आणि राउटरला लॅनची वायर लावून आत शिरावे लागते. आमचे हे एकदा झालेले आहे, म्हणून सांगतो.

पण हा उपाय दिसतो तेवढा पक्का नाही. मॅक पत्ता हवेत उघडा जातो. वायफायवरचा मजकूर कुलूपबंद असला तरी पाकिटावरचा हा पत्ता कुलूपबंद नसतो. लॅपटॉपवर फुकट मिळणारे साधन चालवून कुणीही तो वाचू शकतो आणि आपल्या लॅपटॉपला तोच पत्ता लावू शकतो. म्हणजे यादीतल्या मुलाचे नाव सांगून दुसराच आत येतो, आणि वाईट काही केले तर नोंद त्या बिचाऱ्या मुलाच्या नावावर होते. यादी नसती तर निदान संशय सगळ्यांवर सारखा राहिला असता!

दुसरी अडचण रोजची आहे. अँड्रॉइड १० पासूनचे फोन आणि आयओएस १४ पासूनचे आयफोन खरा मॅक सांगतच नाहीत. प्रत्येक वायफायला ते वेगळा, मनाने तयार केलेला पत्ता देतात. बाजारात, स्टेशनवर कुणी आपला पाठलाग करू नये म्हणून ही सोय आहे, आणि चांगली आहे. पण मुलाने फोनमधून वायफाय 'विसरा' करून पुन्हा जोडले किंवा फोन रीसेट केला, तर पत्ता बदलू शकतो आणि तो यादीबाहेर जातो. मग रात्री अकराला विश्वस्तांना फोन, "भाऊ, नेट लागून नाही राहिलं." खरा पत्ता कोणता आणि बनवलेला कोणता, हे ओळखायची एक खूण आहे. पत्त्यातले दुसरे अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बनवलेला समजा. अशा वेळी फक्त आपल्या वायफायपुरते फोनच्या सेटिंगमध्ये उपकरणाचाच मॅक वापरा, असे निवडता येते. आयफोनमध्ये हे 'प्रायव्हेट वायफाय अ‍ॅड्रेस' या नावाने सापडते.

तेव्हा मॅकची यादी टाकाऊ नाही, पण ती ओळखपत्र नव्हे. प्रिंटर, टीव्ही, सीसीटीव्ही कॅमेरे अशा जिनसा वेगळ्या वायफायवर ठेवून तिथे ही यादी लावावी. माणसांच्या उपकरणांसाठी दुसरे काही हवे.

प्रत्येकाला आपली किल्ली

वीस-पंचवीस उपकरणांची छोटी अभ्यासिका असेल तर मधला मार्ग आहे. काही अ‍ॅक्सेस पॉइंटमध्ये वायफायचे नाव एकच ठेवून प्रत्येक उपकरणाला वेगळा पासवर्ड देता येतो. याला पीपीएसके म्हणतात. टीपी-लिंकच्या ओमाडा किंवा युबिक्विटीच्या युनिफाय या मालिकांत ही सोय आहे. केबलवाल्याने दिलेल्या साध्या डब्यात ती सहसा नसते. मुलगा गेला की त्याची किल्ली रद्द करायची, बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. बहुतेक ठिकाणी हे डब्ल्यूपीए२ वरच चालते, एवढे ध्यानात ठेवावे. एखाद्याने आपली किल्ली मित्राला दिली तर ती कुणाची, हे तरी कळते. म्हणून शक्य असेल तिथे किल्लीसोबत तिचा मॅकही बांधून ठेवावा.

मोठे वसतिगृह, शाळा किंवा महाविद्यालय असेल तर मात्र सरळ ८०२.१एक्स कडे जावे, असे आमचे मत आहे. नाव अवघड आहे, कल्पना साधी आहे. वसतिगृहाच्या फाटकावर चौकीदार असतो. नवा मुलगा आला तर आत सोडायचे की नाही, हे चौकीदार स्वतः ठरवत नाही. तो मुलाला फाटकावरच थांबवतो, त्याचे कार्ड आत कार्यालयात पाठवतो. कार्यालय रजिस्टर बघते आणि हो किंवा नाही कळवते. इथे मुलगा म्हणजे फोन, चौकीदार म्हणजे अ‍ॅक्सेस पॉइंट आणि कार्यालय म्हणजे रेडियस सर्व्हर. कार्यालयाचा होकार येईपर्यंत फोनला फाटकाच्या आत पाऊलही टाकता येत नाही. आणि चौकीदाराकडे रजिस्टर नसल्याने उद्या कुणी डबाच चोरून नेला तरी मुलांचे पासवर्ड त्याच्या हाती लागत नाहीत.

रेडियस सर्व्हर म्हटले की लोक खर्चाला घाबरतात. पण फ्रीरेडियस नावाचे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि ते जुन्या संगणकावर किंवा हातात मावणाऱ्या रास्पबेरी पायवर चालते. शंभर मुलांच्या वसतिगृहाला एवढे पुरते. मात्र सर्व्हरचा आयपी पत्ता राउटरमध्ये कायमचा बांधून ठेवा. नाहीतर लाइट गेली, परत आली, पत्ता बदलला आणि सगळे वसतिगृह बाहेर, असे होते.

सर्व्हरवर दोनच ठिकाणी लिहायचे असते. एका फाइलमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंटचा आयपी पत्ता आणि एक गुप्त शब्द. या फाइलला 'क्लायंट्स' म्हणतात आणि इथेच नवखे फसतात. त्यांना वाटते क्लायंट म्हणजे मुलांचे फोन. तसे नाही. सर्व्हरच्या नजरेत क्लायंट म्हणजे चौकीदार. चार अ‍ॅक्सेस पॉइंट असतील तर चारही इथे हवेत. दुसऱ्या फाइलमध्ये वापरणाऱ्यांची नावे आणि पासवर्ड. मग सर्व्हरवरच बसून चाचणी घ्यायची. त्यासाठी रेडटेस्ट नावाची आज्ञा सोबतच येते. उत्तरात 'अ‍ॅक्सेस-अ‍ॅक्सेप्ट' आले की रजिस्टर ठीक आहे. चाचणीसाठी 'टेस्टिंग१२३' हा गुप्त शब्द आधीच भरलेला असतो. तो जगजाहीर आहे, काम झाले की बदलून टाका.

आता अ‍ॅक्सेस पॉइंटच्या पानावर या. सुरक्षेच्या यादीत 'पर्सनल' च्या जागी 'एंटरप्राइज' निवडा, डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३. सर्व्हरचा आयपी पत्ता, पोर्ट १८१२ आणि तोच गुप्त शब्द भरा. हजेरीची नोंद, म्हणजे अकाउंटिंग हवे असेल तर पोर्ट १८१३. काही साध्या डब्यांत एंटरप्राइज दिसतच नाही. तिथे वेगळा अ‍ॅक्सेस पॉइंट घेण्यावाचून इलाज नाही.

पहिल्या दिवशी सगळे सुरळीत लागेल, अशी आशा करू नका. फोन 'जोडत आहे' म्हणत नुसता फिरत राहतो आणि आपण मुलाच्या पासवर्डवर शंका घेत बसतो. त्याऐवजी सर्व्हरची नोंद पाहावी. फ्रीरेडियस उणे चिन्हासह मोठा एक्स लावून चालवला की प्रत्येक हालचाल पडद्यावर दिसते. तिथे 'रिजेक्ट' दिसले तर चूक बहुधा नाव-पासवर्डात. काहीच दिसले नाही तर विनंती पोहोचलीच नाही, म्हणजे आयपी पत्ता चुकला किंवा मध्ये फायरवॉल आडवी आली. अनोळखी अ‍ॅक्सेस पॉइंटकडून विनंती आली, तर नोंदीत तशी ओळ उमटते पण सर्व्हर त्याला उत्तर देत नाही. गुप्त शब्द जुळला नाही तरी तेच होते.

फोनच्या बाजूची गफलत

आमच्या पाहण्यात सगळ्यात जास्त निष्काळजीपणा इथे होतो. मुलाच्या फोनवर जोडताना प्रमाणपत्राबद्दल विचारले जाते आणि कुणीतरी सांगते, "ते सोड, तपासू नको म्हण." मग होते काय? कुणी बाहेर गल्लीत बसून आपल्या वसतिगृहाच्याच नावाचे खोटे वायफाय चालू केले, तर फोन त्यालाही खरे मानतो आणि ओळख पटवायला निघतो. नाव-पासवर्ड पाठवण्याची जी एमएस-चॅप पद्धत सर्रास वापरली जाते, ती फोडता येते हे २०१२ मध्येच दाखवून दिले गेले आहे. चौकीदार मुलाला ओळखतो, तसे मुलानेही चौकीदार खरा आहे का हे बघायला हवे. प्रमाणपत्र त्यासाठीच असते. अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्यांत तर 'तपासू नको' हा पर्यायच बहुतेक ठिकाणी काढून टाकला आहे. तेव्हा संस्थेचे प्रमाणपत्र प्रत्येक फोनवर टाकून द्यावे आणि सर्व्हरचे नाव तिथे लिहावे. फ्रीरेडियससोबत येणारी नमुन्याची प्रमाणपत्रे फक्त चाचणीसाठी असतात. आपली नवी तयार करा आणि त्यांची मुदत कधी संपते ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. मुदत ऐन परीक्षेच्या आठवड्यात संपू नये.

इथवर आपण ओळखले ते माणसाला, नाव आणि पासवर्डाने. खऱ्या अर्थाने उपकरण ओळखायचे असेल तर ईएपी-टीएलएस. त्यात पासवर्ड नसतोच. प्रत्येक लॅपटॉपला, फोनला स्वतःचे प्रमाणपत्र दिले जाते आणि सर्व्हर तेच बघतो. फोन हरवला तर त्याचे प्रमाणपत्र रद्द करायचे आणि सर्व्हरला रद्द झालेल्यांची यादी तपासायला सांगायचे. मेहनत जास्त आहे. म्हणून आम्ही म्हणू, की कार्यालयाच्या संगणकांना आणि शिक्षकांच्या लॅपटॉपना ईएपी-टीएलएस द्या, मुलांना नाव-पासवर्ड पुरे. प्रमाणपत्राची फाइल मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. ती पुढे जाते. स्वतः बसून टाकून द्या आणि फाइल पुसा.

यादी आणि नोंद, दोन्ही जपून ठेवायच्या जिनसा आहेत. मुलींच्या वसतिगृहात कोण किती वाजता जोडली गेली, हे रजिस्टरमध्ये दिसते. ते कुणाच्याही हाती पडता कामा नये, आणि भाऊ-काका विचारायला आले म्हणून दाखवायचेही नाही. नावे आणि मॅकची यादी भिंतीवर लावणे, ग्रुपवर टाकणे हे तर अजिबात नको. एका जबाबदार माणसाकडे ठेवा, किती महिने ठेवायची ते ठरवा आणि मुलांना आधीच सांगा, की अशी नोंद होते.

ही नोंद काय सांगते तेही नीट समजून घ्या. अमुक मुलाचा फोन अमुक वेळी जोडलेला होता, एवढेच ती सांगते. त्याने काय पाहिले, काय लिहिले, हे तिच्यात नसते. त्या वेळी वीस जण जोडलेले असतील तर ती बोट वीस जणांकडे दाखवते, एकाकडे नाही. पण शंभर मुले, त्यांचे मित्र आणि रस्त्यावरून जाणारे सगळे यांच्याऐवजी वीस, हा फरक छोटा नाही. आणि जो त्या दिवशी गावी गेला होता, त्याचे नाव त्या वीस जणांत नसते.

ज्यांच्या घरी एवढे काही नको आहे, त्यांनी निदान इतके करावे. राउटरच्या पानाचा मूळचा पासवर्ड बदलावा. बटण दाबून जोडण्याची डब्ल्यूपीएस सोय बंद करावी, तिच्या आकडी पिनमधला दोष २०११ पासून माहीत आहे. पाहुण्यांसाठी गेस्ट नावाचे वेगळे वायफाय काढावे आणि शादी, अकिका, ईदची गर्दी ओसरली की त्याचा पासवर्ड बदलून टाकावा. पाहुणा नाराज होत नाही, आमचा अनुभव आहे.

राहता राहिली एक बाब, जी वऱ्हाडात हमखास नडते. रास्पबेरी पायच्या जुन्या नमुन्यांत वीज गेल्यावर वेळ चालू ठेवणारे घड्याळ नसते. लाइट आली की तो इंटरनेटवरून वेळ विचारून घेतो. पण लाइट आली आणि इंटरनेट आले नाही, किंवा २०२१ आणि २०२३ सारखे बंदच ठेवले गेले, तर तो शेवटी जपलेल्या जुन्या वेळेपासूनच पुढे मोजू लागतो. मुलांचे वायफाय आतल्या आत लागत राहते, रजिस्टरही भरत राहते, पण त्यातली वेळ खोटी. ज्या दिवसाची नोंद सर्वात जास्त लागू शकते, तीच कुचकामी. बाजारात नाण्याएवढ्या बॅटरीवर चालणारी घड्याळाची छोटी पट्टी मिळते. सर्व्हर बसवतानाच ती लावून घ्या, आणि सर्व्हर इन्व्हर्टरवर ठेवा. पत्र्याच्या छताखाली मात्र नको. मे महिन्यात तिथे पंखाही गरम हवा फेकतो.